पाऊस जूनमध्ये, पैसे मार्चमध्ये



मुख्याध्यापकांच्या संमेलनात अध्यक्षाने शिक्षणाच्या भवितव्यावर बोलावे, अशी रीत आहे. मी मात्र कडी, बिजागरी आणि पत्र्यावर बोलणार आहे, कारण आपला निम्मा जीव त्यातच जातो.

इथे धायरीत हे बोलायला कारणही आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत धायरी होती. जून २०२१ मध्ये आणखी २३ आली. हद्द एका अधिसूचनेने बदलली. जिल्हा परिषदेच्या शाळांचे हस्तांतर मात्र रेंगाळले. अशा मधल्या काळात भिंतीला तडा गेला तर अर्ज कोणाच्या टेबलावर ठेवायचा? एक कार्यालय म्हणते, तुमचे गाव आता शहरात गेले. दुसरे म्हणते, ही इमारत आमच्या नोंदवहीत नाही. पोरे त्या तड्याखालीच पाढे म्हणत असतात.

जिथे मालकी स्पष्ट आहे तिथे तरी काय होते? अर्ज केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून बांधकाम विभागाकडे. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. नवी इमारत बांधायची असेल तर हे सारे हवेच; पैसा जनतेचा आहे. पण पत्र्याच्या बोल्टखालचे रबर कुजले, तेही याच वाटेने जायचे?

मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटते. मग एक मुलगी आत जाते आणि तिची मैत्रीण दार ओढून बाहेर उभी राहते. मैत्रीण त्या दिवशी आली नसेल, तर ती मुलगी घरी जाईपर्यंत पाणीच पीत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह लिहिले आहे. कडी नसलेले दार असले, तरी माहितीच्या तक्त्यात आपण ‘आहे’ असेच भरतो.

समग्र शिक्षा योजनेचे संयुक्त शाळा अनुदान आहे, हे मला माहीत आहे. ३१ ते १०० पटाच्या शाळेला ते वर्षाला २५,००० रुपये. त्यातच वीजबिल, खडू, स्वच्छता आणि दुरुस्ती. रक्कम पटावर ठरते, इमारतीच्या वयावर नाही. पन्नास वर्षांच्या कौलारू शाळेला आणि नव्या स्लॅबच्या शाळेला सारखाच आकडा. तोही पुष्कळदा आर्थिक वर्ष संपत आल्यावर हाती येतो, आणि महिनाअखेर खर्च दाखवा असा निरोप मागोमाग येतो. गळती जूनमध्ये सुरू झालेली असते.

या उशिराची किंमत आपण पाहिली आहे. २८ ऑगस्ट २०१७ रोजी नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचे छत पावसात कोसळले, तीन मुले गेली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीत सात गेली. अशा घटनेनंतर धोकादायक खोल्यांच्या याद्या तातडीने मागवल्या जातात. पण निर्लेखनाची, म्हणजे खोली नोंदीतून काढून टाकण्याची, मंजुरी येईपर्यंत ती खोली पाडता येत नाही, आणि दुसरी बांधून मिळत नाही.

म्हणून या संमेलनाने ठराव करावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. छत ज्यांच्या मुलांवर आहे, त्या माणसांच्या सहीने ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती आधी व्हावी, हिशेब मागाहून तपासावा. दुरुस्तीचा निधी एप्रिलमध्ये द्यावा. आणि धोक्याचा अर्ज आल्यावर आठ दिवसांत अभियंत्याने वर्ग पाहून ‘इथे मुले बसवा’ किंवा ‘बसवू नका’ यांपैकी एक वाक्य लिहून खाली सही करावी.

तोवर, मुख्याध्यापकांनो, ज्या खोलीचा भरवसा नाही तिला उद्याच कुलूप लावा. मुलांना व्हरांड्यात बसवा, देवळाच्या सभामंडपात बसवा, पण तिथे बसवू नका. वरिष्ठांना लेखी कळवा आणि पोच घ्या. त्यावर कोणाला नोटीस आली, तर उत्तरावर आपण सर्वांनी सह्या करायच्या. पहिली सही माझी असेल.