मधल्या हाताचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी झरी येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनी गोड बोलावे असा रिवाज आहे. रांगोळ्या, हळदीकुंकू, बक्षिसे हे सारे मघाशी झालेच. पण मी काही वर्षे ह्या मंडळाची चिटणीस होते आणि माझ्या हातून झालेली एक चूक आज सांगून टाकायची आहे. ती शेळ्यांची आहे.

त्या शेळ्या आपल्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असतील. पैसा परदेशातल्या दात्यांचा. तो आला मुंबईच्या एका संस्थेकडे, तेथून जिल्ह्यातल्या एका संस्थेकडे, आणि त्या संस्थेने शेळ्या विकत घेऊन आपल्या दारी आणल्या. दोन्ही संस्थांची नावे मी घेत नाही. दर बाईने लोकवाटा भरायचा होता. एका कोलाम बाईने त्यासाठी गळ्यातली पोत गहाण टाकली.

आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचावी लागते, हे शेळी पाळणाऱ्या बाईला सांगायला नको. पण लसीचा पैसा दुसऱ्या हप्त्यात होता. पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र वर गेल्यावाचून दुसरा सुटत नव्हता, आणि प्रमाणपत्र कुणाच्या तरी टेबलावर पडून होते. सरकारी दवाखान्याची वाट आम्ही धरली नाही, कारण "लस आमच्याकडूनच येईल" असे आम्हांला बजावलेले. ती आली पोळ्याच्या सुमारास. तोवर निम्म्या शेळ्या गेल्या होत्या.

पुढे ऐन कापूसवेचणीत मूल्यमापन करणारे दोघे जीपमधून आले. माणसे सभ्य होती. चहा घेतला, मुलांची विचारपूस केली. मधल्या संस्थेचे कार्यकर्ते रजिस्टर घेऊन शेजारीच बसले होते. "लाभ झाला का?" असा प्रश्न आला. मी गप्प राहिले, तशी मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "चांगलंच सांग वं बाई. नाही म्हटलं तं पुढच्या साली कोण येते इकडं?" मी "समाधानकारक" असे लिहिले आणि खाली सही केली. अहवालात आम्ही सगळ्या समाधानी ठरलो. पोत मात्र सुटली नाही.

आता कुणी म्हणेल, मधल्यांनी घात केला. तसे मला म्हणवत नाही. ह्याच संस्थेच्या कारकुनाने आपल्याला रोकडवही लिहायला शिकवले. मंडळाची नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडचे कागद, वर्षाचे लेखापरीक्षण, ही वाट त्यांनी दाखवली. मुंबईचा किंवा परदेशचा दाता आपल्या पोडावर कधी येणार, आणि आला तरी कुणाशी बोलणार? मधला हात लागतोच, आणि तो आजचा नव्हे. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघाले. दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्षा. गावोगावच्या संस्थांना अनुदान देताना त्यांनाही राज्याराज्यांतली मंडळे मध्ये घ्यावी लागलीच.

माझे गाऱ्हाणे वेगळे आहे. मधल्याचा हिशेब फक्त वर जातो. किती वाटले, किती बैठका झाल्या, किती सह्या मिळाल्या, हे सगळे दात्याला कळते. हप्ता कोणत्या महिन्यात पोचला, हे खालच्या बाईला कुणी विचारीत नाही. आमच्या शेळ्या तर त्या महिन्यापायीच मेल्या.

सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाला. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती आता दुसऱ्या संस्थेकडे सोपवता येत नाही, आणि कारभाराच्या खर्चाची मर्यादा शेकडा ५० वरून २० वर आली. कारभाराचा खर्च कमी झाला हे ऐकून पुष्कळांना बरे वाटले. मला तितकेसे वाटले नाही. रोकडवही शिकवणाऱ्या कारकुनाचा पगार त्याच खर्चात मोडत असे. आणि मोठ्या संस्थेच्या हातून ज्यांचे पोट चाले, त्या खेड्यांतल्या लहान संस्थांचा तो आधार तुटला.

दुसरा एक नमुना आपल्या राज्यातच आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपले माविम, १९७५ साली स्थापन झाले. रोमला कचेरी असलेल्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या कर्जाऊ मदतीने माविमने २००७ पासून २०१८ पर्यंत तेजस्विनी कार्यक्रम चालवला. आरंभी बचत गट बांधायला सहयोगी संस्था होत्या. पुढे त्यांनी बाजूला व्हायचे आणि गटांच्या बायकांनीच लोकसंचालित साधन केंद्र चालवायचे, अशी योजना. केंद्राच्या कार्यकारिणीत गटांच्याच बायका, आणि गट केंद्राला सेवेचे शुल्क देतात. मला ह्यातले शुल्क फार आवडते. पैसे मोजणारी बाई विचारते, "लस कुठे आहे?" फुकट घेणारी विचारीत नाही. मी नाही विचारले.

पण ह्यातही एक काटा आहे. दरमहा बचत जिला जमते ती गटात राहते. कापूस वेचायला घरदार घेऊन बाहेरगावी जाणारी कोलाम बाई दोन महिने चुकली की तिचे नाव मागे पडते. केंद्र बायकांचे झाले तरी ते कोणत्या बायकांचे, हे मूल्यमापन करणाऱ्याने पोडावर जाऊन पाहावे. सडकेलगतच्या घरी बसून ते दिसणार नाही.

म्हणून मंडळापुढे माझी सूचना अशी. येथून पुढे कोणीही तपासणीला आले, तर आपण आधी सांगावे की मधल्या संस्थेच्या माणसांनी थोडा वेळ बाहेर बसावे. ह्यात त्यांचा अपमान नाही. सून सासूसमोर माहेरची तक्रार सांगत नाही, इतकेच. वेचणीचे दिवस सोडून यावे. आणि अहवाल झाला की तो मराठीत आपल्याला वाचून दाखवावा, मगच सही. काही भगिनींना भीती वाटते की अशाने मदत बंद होईल. होईलही. मी त्यांना खोटा दिलासा देत नाही.

माझी ती सही मला मागे घ्यायची आहे. शेळ्या केव्हा मेल्या, लस केव्हा आली, कुणी काय गहाण टाकले, हे सगळे लिहून दोन्ही संस्थांना पाठवायचे पत्र मी तयार केले आहे. पोत गमावलेली बाई आज आली आहे, आणि पहिला अंगठा तिने सकाळीच उमटवला. पत्र चिटणीसबाईंच्या टेबलावर आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी चहाला जाण्यापूर्वी करावी. शाईची उशी तेथेच ठेवली आहे.