भाकरीचा तुकडा
(धर्मग्रामाच्या ज्युबिली समारंभांत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं परोपकारावर दोन शब्द बोलावे अशी आज्ञा आम्हांस झाली, तेव्हां मनांत प्रथम पंडिता रमाबाईंचें नांव आलें. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांतील वाँटेज येथें अँग्लिकन पंथांत झाला; त्या आपल्या कॅथलिक मंडळींपैकीं नव्हत्या, हें आम्ही जाणतों. परंतु भुकेलेल्यास अन्न देणें हें दयेचें कृत्य पंथ पाहून थांबत नाहीं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. तीर्थोतीर्थीं पुराणें सांगून कुटुंबाचा निर्वाह होई. पुढें दुष्काळ पडला. जवळचें द्रव्य, भांडीं, वस्त्रें, सारें गेलें. अंगमेहनतीची संवय नाहीं आणि भीक मागण्याची लाज, अशा स्थितींत हीं माणसें अरण्यांत अकरा दिवस पाणी, झाडपाला व मूठभर रानखजूर यांवर राहिलीं. १८७४ सालीं वडील गेले. कांहीं काळानें रायचूर येथें (तें गांव त्या वेळीं आपल्या औरंगाबादेप्रमाणेंच निजामाच्या राज्यांत होतें) आई मरणोन्मुख झाली व तिनें भाकरीचा तुकडा मागितला. रमा शेजारच्या घरीं गेली. परंतु मागण्याचा शब्द ओठांबाहेर पडेना, डोळ्यांतून मात्र धारा लागल्या. घरधनिणीनें ओळखिलें व बाजरीची भाकर दिली. ती घेऊन मुलगी परतली, तों आईला खाण्याचें त्राण उरलें नव्हतें. प्रेत वाहण्यास पुरेशीं माणसें मिळेनात, तेव्हां ठेंगण्या रमेनें तिरडीचा आपला भाग डोक्यावर घेतला. पुढें थोरली बहीणहि वारली. भाऊ श्रीनिवास व ती पायीं हिंडत राहिलीं. झेलम नदीच्या कांठीं थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूंत खड्डे करून, तोंड तेवढें बाहेर ठेवून, दोघें निजलीं.

कलकत्त्यास मिळालेली पंडिता ही पदवी, विवाह, लवकरच आलेलें वैधव्य, परदेशगमन आणि १८८९ सालीं मुंबईस विधवांसाठीं काढलेलें शारदा सदन, हें सर्व आपणांस बहुधा ठाऊकच आहे. आमचें लक्ष लागतें तें १८९६ च्या दुष्काळाकडे. वृत्त कानीं येतांच रमाबाईंस स्वतःची भूक आठवली. ज्यांना गरज असेल त्या येतील, असें म्हणून त्या सदनांत बसून राहिल्या नाहींत. त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि मुली व विधवा शोधून आणूं लागल्या. त्यांची संख्या लवकरच तीनशेंच्या घरांत गेली. शारदा सदन तोंवर पुण्यास आलें होतें. तेथें जागा पुरेना, शिवाय प्लेगचे निर्बंध. म्हणून केडगांवच्या शेतावर छपरें उभीं राहिलीं, आणि तेंच मुक्ति सदन. तेथें नुसतें शिधावाटप नव्हतें. शेती, दूधदुभतें, विणकाम, तेलघाणा, छापखाना, हीं कामें मुलींच्या हातीं दिलीं. अंध मुलींस बोटांनीं वाचावयास शिकविलें. बापाच्या विद्येनें घर तारलें नाहीं, हें जिनें पाहिलें तिला हस्तोद्योगाची किंमत कोणीं सांगावयास नको होती, असें आम्हांस वाटतें. रमाबाई १९२२ सालीं निवर्तल्या. संस्था आजहि केडगांवीं चालू आहे.

आतां आपल्या घरचें. छत्रपति संभाजीनगरांत, किंबहुना साऱ्या मराठवाड्यांत, १९७२ चा दुष्काळ पाहिलेलीं माणसें अद्यापि आहेत. ज्यांनीं लहानपणीं आईबरोबर खडी फोडली, सुकडी व मिलो खाऊन दिवस काढिले, असे कित्येक आजोबा-आजी आज पुढच्या बांकांवर बसले आहेत. ज्युबिलीनिमित्त मदतनिधि काढण्याचें घाटत आहे आणि गरजूंकडून अर्ज मागवावे असा विचार पुढें आला आहे. आमची विनंति एवढीच कीं, अर्जाचे कागद छापण्यापूर्वीं या वडीलधाऱ्यांजवळ बसावें, त्या वर्षीं कोणत्या दारापर्यंत जाऊन त्यांनीं न मागतांच पाऊल मागें घेतलें तें विचारावें, आणि घरोघर कोणीं जावें हें त्यांनाच ठरवूं द्यावें.