रोगाचा अदमास

आभाळ भरून येते, वारा पडतो, मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढू लागतात, आणि आपल्याकडचा जाणता शेतकरी म्हणतो, "आज पाऊस यायचा." एकाच खुणेवर तो विसंबत नाही. कोणत्या खुणेला किती वजन द्यायचे ते अनुभवाने त्याला ठाऊक असते. साऱ्या खुणा तोलून तो अदमास सांगतो. आज आपल्याला पाहावयाचा आहे तो रोगाचा अदमास. मनातल्या तोलाऐवजी येथे गणिताचा तोल असतो, एवढाच फरक. या गणिताचे नाव बहुचल समाश्रयण, इंग्रजीत मल्टिपल रिग्रेशन. नावाला भिऊ नका. गोष्ट साधी आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम नावाचे गाव आहे. १९४८ साली तेथे एक मोठी पाहणी सुरू झाली. ३० ते ६२ वर्षांच्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची नावे तिच्यात नोंदली गेली. दर दोन वर्षांनी त्यांना तपासायचे, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन, सिगारेटचे व्यसन टिपून ठेवायचे, आणि हृदयविकार कोणाला जडतो ते पाहायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

पण नोंदी जमल्या तशी अडचणही उभी राहिली. ज्याचा रक्तदाब जास्त, त्याचे वयही बहुधा जास्त, आणि पुष्कळदा वजनही. मग दोष कोणाच्या पदरी बांधायचा? सारखी माणसे निवडून त्यांचे कप्पे पाडावेत, तर सात गोष्टी आणि प्रत्येकीचे तीन वर्ग धरले, की कप्पे होतात २,१८७! शिक्षकमंडळींनी तीनाचा सातवा घात काढून पाहावा. एका कप्प्यात सरासरी दोन-अडीच माणसे आली. एवढ्यावरून काय ठरणार?

१९६७ साली ट्रूएट, कॉर्नफील्ड आणि कॅनेल या संशोधकांनी कप्प्यांचा नाद सोडून सगळ्या नोंदी एकाच सूत्रात बसवल्या. ते कसे, हे शेतावरून सांगतो. ज्याच्या शेतात खत जास्त, त्याचे पीक जास्त, असे दिसले. पण बहुधा त्याच्याकडे विहीरही असते. मग पीक खताने वाढले की पाण्याने? हे गणित शेकडो शेतांच्या नोंदी एकदम घेते आणि विचारते, पाणी सारखेच असते, तर एक गाडी खताने किती फरक पडला असता? असे प्रत्येक गोष्टीचे वेगळे वजन निघते. रोग मात्र होतो किंवा होत नाही. मधले काही नाही. म्हणून येथे सूत्राला असा बाक देतात, की उत्तर शून्य आणि शंभर टक्के यांच्या बाहेर जात नाही.

आता आपल्या घरचे उदाहरण. चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली अशाच गणितावरून मधुमेहाची गुणपत्रिका तयार केली. मधुमेह आहे पण ठाऊक नाही, अशांना हुडकण्यासाठी ती आहे. कागद-पेन्सिल घ्या. वय ३५ च्या आत असेल तर शून्य, ३५ ते ४९ ला २०, पन्नाशीपासून पुढे ३०. कंबरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटरपासून असेल तर १०, शंभरपासून २०. बायकांना हेच गुण ८० आणि ९० पासून. अंगमेहनतीचे काम आणि नियमित व्यायाम दोन्ही असतील तर शून्य, एकच असेल तर २०, दोन्ही नसतील तर ३०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त आली, तर धोका मोठा समजावा.

मी माझी बेरीज केली. वय ४६, म्हणून २०. अंगाने मी किरकोळ, पण घेर ९४ भरला, त्याचे १०. बैठे काम, व्यायाम नाही, ३०. आईला मधुमेह, १०. एकूण ७०! मला काही होत नाही या भ्रमात मी होतो. रक्त तपासले, तेव्हा साखर मधुमेहाइतकी नाही, पण बेताच्या वर निघाली.

येथे एक सावधगिरी, बरं का. हे गणित सोबत सांगते, कारण सांगतेच असे नाही. पिकल्या केसांच्या माणसांत हृदयविकार जास्त दिसेल. म्हणून कलप लावून तो टळत नाही. कारण ठरवायला प्रयोग लागतो. तसा प्रयोग भारतात झाला आणि २००६ साली प्रसिद्ध झाला. माझ्यासारख्या उंबरठ्यावरच्या माणसांत चालणे आणि आहार सुधारणे यांनी मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. तेव्हापासून, म्हणजे ते वाचल्यापासून, मी रोज पहाटे चालतो.

आणखी एक. एका मुलखाचे सूत्र दुसऱ्या मुलखाला जसेच्या तसे लागू पडत नाही. कोकणातला पेरणीचा हिशेब माणदेशात चालेल काय? शिवाय अदमास म्हणजे विधिलिखित नव्हे. सत्तर गुणांचा माणूस निरोगी निघेल, वीसवाल्याला रोग असू शकेल. बेरीज एवढेच सांगते, की रक्त तपासायला आधी कोणी जावे. वय आणि आईबाप बदलता येत नाहीत. कंबर आणि पाय आपल्या हाती आहेत.

तेव्हा गुरुजी, उद्या वर्गात ही बेरीज मुलांना शिकवा, आणि घरी जाऊन आजोबांची, आईची मांडायला सांगा. एखाद्या घरी साठाच्या वर आकडा निघेल, आणि तो माणूस वेळेवर दवाखान्यात जाईल.