व्हीटी स्टेशनातली माणसं

बचत गटांच्या आम्ही सहयोगिनी आज हप्ता, व्याज, पासबुक यांतलं काही बोलणार नाही. 26 नोव्हेंबर जवळ आलाय, त्याविषयी बोलायचंय.

त्या दिवशी आपल्या गावांत दोन कार्यक्रम असतात. सकाळी शाळेत संविधानाची उद्देशिका वाचतात, कारण 1949 साली याच तारखेला संविधान स्वीकारलं गेलं. संध्याकाळी चौकात फलक लागतो, मेणबत्त्या लागतात, कारण 2008 साली याच तारखेला मुंबईवर हल्ला झाला. सकाळी मुलं असतात, संध्याकाळी गावातली पुरुष मंडळी. आपण बाया दोन्हीकडे असतो, पण चहाच्या पातेल्यापाशी.

आज दहावीत बसलेल्या मुली तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. किशोरी गटातल्या मुलींना आम्ही विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं गं?" सगळ्यांचं एकच उत्तर आलं, "ताज हॉटेल पेटलं होतं." चूक नाही त्यांची. फलकावर चित्र तेच असतं, घुमटातून निघणारा धूर. आपण कुणी ताजमध्ये पाऊल ठेवलेलं नाही. मुंबईला गेलो तर समोरून, समुद्राच्या बाजूने बघितलं असेल, फोटो काढला असेल.

पण त्या हल्ल्यात जी 166 माणसं गेली, त्यांतली सगळ्यात जास्त एकाच ठिकाणी गेली, आणि ते ठिकाण म्हणजे स्टेशन. आज त्याचं नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे, आपल्या जुन्या बाया अजून व्हीटीच म्हणतात. रात्री पावणेदहाच्या सुमाराला लांबच्या गाड्यांची वाट बघत लोक फरशीवर चादरी अंथरून बसले होते. ट्रंका, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, मांडीवर झोपलेली पोरं. कुणी गावी चाललेलं, कुणी कामावर परत. आपण एसटी स्टँडवर बसतो ना, अगदी तसं. त्यांच्यावर बंदुका चालल्या.

आपला हा भाग डोंगराचा. घरटी एक माणूस मुंबईत. कुणी माथाडी, कुणी गोदीत, कुणी पोलिसांत, कुणी दुकानात. म्हणून ती रात्र आपल्याकडे टीव्हीवर बघायची रात्र नव्हती, ती फोनची रात्र होती. मोबाईल तेव्हा घराघरांत नव्हते आणि होते त्यांना लाइन लागत नव्हती. आमच्या एका गटातल्या मावशींचे मालक मशीद बंदरला माल उतरवायच्या कामाला होते. दुसऱ्या दिवशी दुपारी किराणा दुकानाच्या फोनवर त्यांचा निरोप आला. मावशी सांगतात, "काय बोलले ते आठवत नाही. हाय म्हणाले, एवढं आठवतंय."

आता ज्यासाठी हा विषय काढला ते सांगतो. गेल्या वर्षी नोव्हेंबरात गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरला. वर तेच ताजचं चित्र, खाली श्रद्धांजली, आणि त्याच्याखाली 'यांच्या'कडून काही विकत घेऊ नका, 'यांना' ओळखा, असं लिहिलेलं. पाठवणाऱ्याने वाचलंही नसेल, बोट लावलं आणि पुढे ढकललं. पण ज्या घरानं वाचायला नको होतं त्यांनी ते वाचलं. आमच्या एका गटात एक भाभी आहेत. बांगड्यांचा धंदा, गटाच्या खजिनदार. दहा वर्षांत एक रुपया इकडचा तिकडे नाही. त्या मेसेजनंतर दोन बैठकांना आल्या नाहीत. पेटीची चावी मुलाच्या हाती पाठवून दिली.

खजिनदार चावी परत करते म्हणजे काय, हे गट चालवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

पुढची बैठक आम्ही भाभींच्याच ओट्यावर घेतली. हप्ते गोळा झाले आणि मग विषय निघाला. एक वयस्क ताई स्पष्ट म्हणाल्या, "पाकिस्तानातून आले, माणसं मारली, मग राग येणारच की. देशाचं प्रेम असलं तर राग येतोच." आम्ही म्हटलं, येतो, यायलाच पाहिजे. समुद्रातून बोटीने आलेल्या त्या दहा जणांवर आणि त्यांना शिकवून पाठवणाऱ्यांवर तो राग आजही आहे. पण ती बंदूक नाव विचारून चालली नव्हती. व्हीटीवर मेलेल्यांमध्ये हिंदू होते आणि मुसलमानही होते. आणि मारणाऱ्यांपैकी नऊ जण मारले गेले, तेव्हा मुंबईच्या बडा कब्रस्तानच्या मुसलमान विश्वस्तांनी त्यांना आपल्या जमिनीत पुरायला साफ नकार दिला. त्यांच्या धर्मात मयताला माती देणं मोठं कर्तव्य आहे, तरी नाही म्हणाले. भाभी इतका वेळ गप्प होत्या. एवढंच म्हणाल्या, "आमचे दीर टॅक्सी चालवायचे. त्या रात्री दोन टॅक्स्यांत बॉम्ब फुटले ना, एक पार्ल्याला, एक माझगावला. दुसऱ्या दिवसापर्यंत आम्ही पण फोनच बघत बसलो होतो." मशीद बंदरवाल्या मावशी तिथेच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, सरकून भाभींशेजारी बसल्या.

त्या बैठकीत मग कागद बाजूला राहिला आणि त्या रात्रीच्या माणसांच्याच गोष्टी निघाल्या. त्यातल्या थोड्या आज तुमच्यासाठी.

व्हीटीवर विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक ड्यूटीवर होते. 'अमुक गाडी तमुक फलाटावर' सांगणारे. त्यांची केबिन काचेची आणि उंचावर. गोळीबार दिसला तसा त्यांनी माईक सोडला नाही. लोकलमधून उतरणाऱ्या लोकांना सांगत राहिले की पुढच्या बाजूला येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. केबिनच्या दिशेनेही गोळ्या आल्या. किती माणसं त्या आवाजाने वाचली याची मोजदाद कोण करणार? आम्ही रेडिओवर बोलणाऱ्या बाया, म्हणून असेल, पण आम्हाला ही गोष्ट फार जवळची वाटते. हातात फक्त माईक होता.

स्टेशनातून दोघे जण निघाले ते कामा रुग्णालयात शिरले. ते बाया-मुलांचं सरकारी रुग्णालय. तिथे अंजली कुलथे नावाच्या परिचारिका रात्रपाळीला होत्या. त्यांच्या वॉर्डात 20 गरोदर बाया. आवारातले सुरक्षारक्षक गोळ्या लागून पडलेले त्यांनी खिडकीतून पाहिले. वॉर्डाचे दरवाजे लावून घेतले आणि त्या विसांना एका लहानशा खोलीत हलवलं. त्यांतल्या एकीला तशातच कळा सुरू झाल्या. बाहेर स्फोट, गोळ्या, आणि बाळाला तर थांब म्हणता येत नाही. कुलथेताईंनी तिला धरून, भिंतीच्या कडेकडेने, जिन्याने बाळंतपणाच्या खोलीपर्यंत नेलं. बाळ सुखरूप झालं. पुढे त्यांनी आरोपीला ओळखलं, कोर्टात साक्ष दिली, आणि 2022 साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत भारताच्या वतीने त्या रात्रीची हकीकत सांगितली. आपल्या पीएचसीतल्या सिस्टर रात्री-अपरात्री धावतात, त्यांच्याच जातकुळीची बाई ही.

आणि तुकाराम ओंबळे. त्यांचं नाव तुम्हाला माहीत आहे, कारण ते आपल्या सातारा जिल्ह्याचे, जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. आधी सैन्यात, मग मुंबई पोलिसांत. त्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर होते. हातात लाठी. समोरच्याने रायफल उचलली तर यांनी नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोळ्या पोटात घेतल्या, पण नळी सोडली नाही. मागच्या शिपायांवर गोळ्या गेल्या नाहीत आणि कसाब जिवंत सापडला. 26 जानेवारी 2009 ला त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. 2021 मध्ये ठाणे-कल्याणकडे सापडलेल्या एका नव्या जातीच्या कोळ्याला शास्त्रज्ञांनी तुकाराम यांचं नाव दिलंय, तेही आमच्या मुलींनीच आम्हाला सांगितलं.

कसाबचं नाव निघालं की बायांना एक गोष्ट हटकून आठवते, बिर्याणीची. जेलमध्ये त्याला बिर्याणी दिली, त्यानं मागितली, हे आपण सगळ्यांनी ऐकलं आणि पुढे सांगितलं. खटल्यातल्या सरकारी वकिलांनीच 2015 साली सांगून टाकलं की ती गोष्ट त्यांनी रचलेली होती. बघा, न झालेली बिर्याणी गावोगाव पोचली आणि झालेलं बाळंतपण पोचलं नाही.

खरं काय झालं? त्याला वकील दिला, साक्षीदार तपासले, सुप्रीम कोर्टापर्यंत त्याचं म्हणणं ऐकलं आणि मग 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी झाली. त्याच ताई म्हणाल्या, "एवढं कशाला? तिथंच गोळी घालायची." अशा वेळी वाद घालून उपयोग नसतो. आम्ही एवढंच विचारलं, की त्याच रात्री मारलं असतं तर तो कुठून आला, कुणी पाठवला, हे जगाला कशावरून सांगितलं असतं? ओंबळे ज्याच्यासाठी मेले तेच वाया गेलं असतं. ताईंना ते पटलं की नाही माहीत नाही. त्या म्हणाल्या, "चहा ठेवा."

त्या खटल्यात एका लहान मुलीचीही साक्ष झाली. देविका रोटावन. वडिलांबरोबर आणि भावाबरोबर पुण्याला जायला व्हीटीवर आली होती, पायात गोळी लागली. कुबड्या घेऊन कोर्टात गेली आणि आरोपीकडे बोट दाखवून ओळखलं. तिचं कौतुक पुष्कळ झालं. पण पुढे घरासाठी तिला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. ही गोष्ट सांगितली तेव्हा ओट्यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं, कारण कागद घेऊन ऑफिसच्या पायऱ्या चढणं आपल्याला माहीत आहे. एक जण म्हणाली, "सत्काराची शाल अंगावर किती दिवस टिकते?" आमच्या मते मेणबत्ती लावणाऱ्यांना हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. आपल्या तालुक्यात फौजींच्या, पोलिसांच्या विधवा आहेत. त्यातल्या किती जणी पेन्शनच्या एका सहीसाठी चार-चार खेपा घालतात, ते तुमच्या गटातच विचारून बघा.

भाभींनी चावी त्या दिवशी घेतली नाही. पुढच्या महिन्यात घेतली. मेसेज पाठवणाऱ्या पोराच्या आईला आमच्याच गटातून शेळीसाठी कर्ज मिळालेलं आहे आणि ते भाभींच्या सहीने मिळालेलं आहे. तिने पोराला काय सांगितलं ते आम्ही विचारलं नाही, पण मेसेज ग्रुपवरून गेला.

यंदा ग्रामसंघाने ठराव केलाय. 26 नोव्हेंबरला संध्याकाळी शाळेच्या पटांगणात कार्यक्रम आपण बायाच घेणार. फलकावर ताजचं चित्र नाही, व्हीटी स्टेशनचं असेल. किशोरी गटातल्या मुली झेंडे, कुलथेताई आणि ओंबळे यांच्या गोष्टी सांगतील. उद्देशिका वाचायला भाभींचं नाव घातलंय. त्या आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या की चष्म्याचा नंबर बदलून घेते. संविधान सभेत 15 बाया होत्या, हे एक मुलगी सांगणार आहे, त्यांची नावं ती सध्या पाठ करतेय.

चहा यंदा पुरुष मंडळी करणार आहेत. साखर किती घालायची ते त्यांना आधी सांगून ठेवा. आणि येताना सगळ्यांनी पासबुक आणा, दुसऱ्या दिवशी बँकेत कॅम्प आहे.