भिंत बंद होण्याआधी

श्रोतेहो, बॉब व्हीला यांची ओळख टीव्हीवर घर बांधून दाखवणारा पहिला कारागीर अशी करून दिली जाते. ती मला अर्धीच पटते, आणि मिळालेली मिनिटं त्या उरलेल्या अर्ध्यासाठी आहेत. ते घरदुरुस्तीच्या धंद्यात होते, बॉस्टनजवळच्या न्यूटनमधलं एक जुनं व्हिक्टोरियन घर त्यांनी नीटनेटकं केलं, ‘बॉस्टन ग्लोब’ने त्यावर लिहिलं आणि १९७९ मध्ये डब्ल्यूजीबीएच केंद्राच्या ‘धिस ओल्ड हाउस’चे ते सूत्रधार झाले. हे तुम्हाला ठाऊकच असेल. पण त्यांचं शिक्षण पत्रकारितेचं होतं, आणि माझ्या मते कॅमेऱ्यासमोर तेच उपयोगी पडलं. करवत असायची नॉर्म एब्रम यांच्या हातात. निर्माते रसेल मोरॅश यांनी नॉर्मना आपल्या परसात काम दिलं होतं. काम उरकल्यावर वाया गेलेल्या लाकडाचा ढीग किती लहान आहे हे पाहून त्यांनी या माणसाला हेरलं. (मुलाखतीची ही रीत आपल्याकडे यायला हवी.) व्हीलांचं काम होतं विचारण्याचं. हे कशाला? इथेच का? पाणी जाणार कुठे? आणि हे प्रश्न भिंत बंद होण्याआधीच विचारायचे. भिंत बंद झाल्यावर नाही, आधी.

मोरॅश हे ज्युलिया चाइल्ड यांच्या पाककृतींच्या कार्यक्रमाचेही निर्माते. स्वयंपाकाच्या कार्यक्रमात एक सोय असते, कच्चं भांडं बाजूला सारून शिजलेलं पुढे आणता येतं. मोरॅश यांनी घराच्या बाबतीत ही सोय घेतली नाही. डॉर्चेस्टरमधलं एक मोडकळीला आलेलं घर त्यांनी तेरा भागांत, आठवड्यामागून आठवडा दाखवलं. पुरणपोळीचंच घ्या ना. तुपाने माखलेली पोळी पानात पडली की सगळ्या सारख्याच दिसतात. डाळ शिजली होती का, कट नीट निथळला का, पुरण सैल तर राहिलं नाही, हे पोळपाटापाशी उभं राहणाऱ्याला कळतं, पंगतीत बसलेल्याला नाही. घरात रंग आणि फर्निचर म्हणजे वरचं तूप. वायरिंग, नळ, ओल अडवणारा थर हे पुरण. फरक इतकाच की पोळी बिघडली तर एक जेवण जातं, आणि घराचं पुरण बिघडलं तर तुम्ही ते वीस वर्षं खात बसता. म्हणून पुन्हा सांगायला हवं, सूत्रधाराची जागा पोळपाटापाशी आहे. पंगतीत वाढायला दुसरे पुष्कळ असतात.

यावर कोणी म्हणेल, अहो, नळाचे सांधे बघायला कोण बसणार? लोकांना करमणूक हवी. २००३ मध्ये एबीसी वाहिनीवर आलेल्या ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर: होम एडिशन’ने हेच ओळखलं. सूत्रधार टाय पेनिंग्टन, तेही मूळचे सुतारच, आणि घर सात दिवसांत उभं. अडचणीतल्या कुटुंबांना घरं मिळाली, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण सात दिवसांत बघणाऱ्याच्या वाट्याला येतो तो फक्त शेवटचा हुंदका. आणि लोक बसत नाहीत हेही खरं नाही. नॉर्म यांचं ‘न्यू यँकी वर्कशॉप’ १९८९ ते २००९ चाललं. एक माणूस, एक कपाट किंवा टेबल, आणि दर वेळी यंत्र सुरू करण्याआधी संरक्षक चष्मा घालण्याची तीच सूचना. वीस वर्षं!

दुसरा आक्षेप वजनदार आहे. प्रायोजक तर सार्वजनिक वाहिनीलाही लागतात, मग व्हीलांनी जाहिराती केल्या तर बिघडलं काय? बिघडलं ते १९८९ मध्ये. त्यांनी घरसामानाच्या एका दुकानसाखळीची जाहिरात केली, तिची स्पर्धक होम डेपो कार्यक्रमाच्या मदतीतून बाहेर पडली, आणि व्हीलांना कार्यक्रम सोडावा लागला. माणसाने कमवू नये असं माझं म्हणणं नाही. पुढे सिअर्सच्या पाठबळावर त्यांनी ‘होम अगेन’ चालवलं, नावही टिकवलं. पण हत्यार विकणारा माणूस ‘हे हत्यार कशाला?’ असं विचारू शकत नाही, पंचाईत ती आहे. ‘होम इम्प्रूव्हमेंट’ या विनोदी मालिकेने ही मेख बरोबर पकडली. तिच्यातला सूत्रधार हत्यारांच्या कंपनीच्या पैशांवर बढाया मारतो आणि काम येतं ते शेजारच्या दाढीवाल्या मदतनिसाला. त्या मालिकेत व्हीला स्वतः, स्वतःच्याच भूमिकेत, येऊन गेले, हा त्यांचा मोठेपणा.

आता माझा शेवटचा पुरावा, घाईत सांगावा लागतोय. ‘धिस ओल्ड हाउस’ला २००३ मध्ये नवा सूत्रधार मिळाला तो केव्हिन ओकॉनर. बँकेतली नोकरी, स्वतःच्या जुन्या घराच्या भिंतींवरचा कागद निघेना म्हणून कार्यक्रमाकडे मदत मागणारा. बांधकामातला अनुभव जवळपास नाही, अडचण मात्र खरी. त्याला घेतलं, आणि कार्यक्रम चालू राहिला. म्हणजे खुर्ची विचारणाऱ्याचीच होती. आपल्याकडच्या सॅम्पल फ्लॅटबद्दलही बोलायचं होतं, तिथे तर नुसतं तूपच असतं, पण वेळ संपत आलीय. एवढंच ऐका, गिलावा चढण्याआधी वायरिंग आणि नळांचे फोटो मागून घ्या. बिल्डर म्हणेल कशाला हवेत, तेव्हा त्याला सरळ