अपुऱ्या दिवसांचं बाळ

माझी नात 32व्या आठवड्यात जन्मली. वजन दीड किलो. घरी आणली तेव्हा बघायला येणाऱ्या बायका कुजबुजत, ‘हिची वाढ अशीच राहणार.’ सूनबाई ऐकून गप्प होई. मुलगा तर तिला उचलायलाच भ्यायचा.

1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, एका रुग्णालयात उबेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या. डॉ. एडगर रे यांनी अशी बाळं आईच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. हीच ‘कांगारू मदर केअर’. पुढे 1990च्या दशकात अशा रीतीनं सांभाळलेल्या मुलांना तिथं वीस वर्षांनी पुन्हा तपासलं. ती शाळेत कमी गैरहजर राहिली होती, स्वभावानं कमी आक्रमक होती. त्यांच्या घरांत जिव्हाळाही अधिक आढळला.

डॉक्टरांनी मुलालाही तसंच बसायला सांगितलं. आठवड्याभरात त्याची भीती गेली. तो तिच्याशी बोलू लागला.

मायेनं सगळंच भरून निघतं असं नाही. नात आज तीन वर्षांची आहे, बोलताना अडखळते. आम्ही तिची तपासणी चुकवत नाही. रात्रीची गोष्टही चुकवत नाही.