सौम्य लेसर आणि जनुकांचे कार्य
(लोणावळे येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



तंबाखू-मिश्रीपायी मुखाचा कर्करोग जडला, की मावळातला माणूस खंडाळ्याचा घाट उतरून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरतो. हे रुग्णालय 1941 साली स्थापन झाले. किरणोपचाराने तोंड येते, घास गिळवत नाही. मग कित्येक जण उपचार अर्धाच टाकतात. अशा वेळी सौम्य तांबडा लेसर उपयोगी पडतो. पेशींतील ऊर्जाकेंद्रे तो प्रकाश शोषतात आणि व्रण भरून आणणाऱ्या जनुकांचे कार्य वाढते, असे प्रयोगांत आढळले आहे. जनुक मात्र बदलत नाही. आपल्या इंद्रायणी भाताचे बी तेच असते. पाऊस त्याला केवळ जागे करतो.

या लेसरने कर्करोग बरा होत नाही. उपचार सोसण्यास बळ मिळते. म्हणून विनंती एकच : तोंड आले तर घरी परतू नका, डॉक्टरांस सांगा.